थोरली जळून राहिली

नोकरीची सगळी वर्षं मी सूर्याकडे बघण्याचा पगार घेतला, आणि तोही नागपुरात राहून. हे मनीषनगरातल्या आमच्या सोसायटीत आजवर एकाही माणसाला पटलेलं नाही. ज्या गावात मे महिन्यात माणसं दुपारी दार उघडत नाहीत, तिथे एखाद्या बाईला ऊन बघायला पैसे मिळतात म्हणजे काहीतरी झोल असणार, असा चेहरा करून लोक विचारतात, "म्हणजे तुम्ही हवामान खात्यात होत्या का?" सुरुवातीला मी समजावून सांगायचे. पुढे कंटाळून "हो" म्हणायला लागले. तेव्हापासून खालच्या मजल्यावरच्या काकू वाळवणं घालायच्या आधी मला विचारतात आणि पाऊस आला की माझ्या खिडकीकडे बघून मान हलवतात.

तर हा लेख त्या काकूंसाठी. तो वाचून त्यांनी पापडांची जबाबदारी माझ्यावरून काढून घेतली, तर दिवाळी अंकाच्या संपादकांचे मी जन्मभर उपकार मानीन.

धंतोलीत राहणाऱ्यांना खरं तर आमचं शास्त्र आपोआप कळायला हवं, कारण तिथे गल्लोगल्ली दवाखाने आणि दिवसभर अँब्युलन्सची ये-जा. अँब्युलन्स आपल्याकडे येत असते तेव्हा भोंगा चिरका वाजतो, आपल्याला ओलांडून पुढे गेली की तोच भोंगा घोगरा होतो. प्रकाशाचंही तसंच आहे. वस्तू आपल्याकडे येत असेल तर तिचा प्रकाश किंचित निळ्या बाजूला सरकतो, दूर जात असेल तर तांबड्या. सूर्याचा प्रकाश पुरेसा पसरवला की रंगांच्या पट्ट्यात हजारो बारीक काळ्या रेषा दिसतात. त्या रेषा कुठे सरकल्या ते मोजायचं. येऊन राहिला का जाऊन राहिला, आणि किती जोरात, एवढे दोनच प्रश्न. ह्यासाठी मी डॉक्टरेट केली हे ऐकल्यावर माझ्या सासूबाई परत भाजी निवडायला लागल्या होत्या.

सगळा घोळ त्या 'किती' मध्ये आहे. एखाद्या ताऱ्याभोवती ग्रह फिरत असला तर तो ताऱ्याला जरासा हलवतो. आपली पृथ्वी सूर्याला हलवते तो वेग रांगणाऱ्या बाळापेक्षा कमी. तेवढ्याने रेषा जी सरकते, ती कॅमेऱ्यातल्या एका ठिपक्याच्या हजाराव्या हिश्श्याएवढीही नसते. त्यात ताऱ्याचा पृष्ठभाग भाजीसारखा खदखदत असतो, त्यावर डाग येतात-जातात, आणि ग्रह नसतानाही असल्याचा भास होतो. म्हणून जगातल्या शहाण्या लोकांनी ठरवलं, की ज्या ताऱ्याचे डाग आपल्याला सरळ दिसतात त्याच्यावर आधी हात बसवून घ्यावा. असा तारा एकच. आणि तो सगळ्यात जास्त पेटतो कुठे, तर आमच्याकडे. अशी आमची प्रयोगशाळा नागपूरच्या वाट्याला आली, नाहीतर नागपूरला कोण काय देते?

गच्चीवर लिंबाएवढं भिंग सकाळपासून संध्याकाळपर्यंत सूर्यामागे मान वळवत फिरायचं. त्याचा प्रकाश एका पोकळ पांढऱ्या गोळ्यात घोळवून, म्हणजे डाग-बिग, मधलं-कडेचं सगळं एकत्र कालवून, काचेच्या तारेतून तळघरात आणायचा. तळघरात हवा काढून घेतलेली एक टाकी, आणि तिच्या पोटात आमचा वर्णपटमापी. हा शब्द मी फक्त अहवालात वापरला. बोलताना आम्ही सगळे त्याला 'टाकी'च म्हणायचो. टाकीचं तापमान अंशाच्या हजाराव्या भागाने हललं तरी रेषा बोंब मारायच्या. माणूस आत शिरला की त्याच्या अंगाच्या उष्णतेनेच दिवस वाया. म्हणजे मे महिन्यात नागपुरातली सगळ्यात थंडगार खोली आमच्या ताब्यात होती, आणि तिच्यात बसायला माणसांना बंदी होती. आम्ही बाहेर कूलरसमोर घाम पुसत बसायचो आणि आतल्या टाकीला बरं वाटतंय ना, ते काचेतून बघायचो.

त्या खोलीवर सगळ्यांचा डोळा. काटोलचे एक संत्र्याचे व्यापारी कुठूनतरी ऐकून आले, की आमचं यंत्र नुसत्या प्रकाशावरून वस्तूत काय आहे ते सांगते. टोपलीतून दोन संत्री काढून त्यांनी टेबलावर ठेवली आणि विचारलं, की यातलं गोड कोणतं ते न सोलता कळेल का. मी म्हटलं, आमच्या यंत्राला कळायला संत्रं आधी सूर्याएवढं तापवावं लागेल. त्यांनी शांतपणे विचार केला आणि म्हणाले, "मंग खाईन कोन थे?" जाता जाता त्यांनी काचेतून थंड खोली पाहिली आणि मृग बहराचा संत्र्यांचा माल ठेवायला महिनाभर मिळेल का, अशी चौकशी केली. नाही म्हटल्यावर त्यांचा आमच्या शास्त्रावरचा विश्वासच उडाला.

आमच्याकडे तंत्रज्ञ होते गजानन ढोबळे, म्हणजे गजूभाऊ. निर्वात पंप, झडपा, गच्चीवरचं भिंग, सगळं त्यांच्याकडे. कामाला बरे, बोलायला फारच बरे. पंपाचं तेल बदलताना शेजारच्या घरातल्या भांडणाची समग्र हकीकत त्यांच्याकडून ऐकायला मिळायची. दुसरी नयना मेश्राम. ही पोट्टी आमच्याकडे प्रबंधासाठी आली तेव्हा पहिल्या दिवशी तिनं मला विचारलं, की मॅडम, यंत्र हललं का सूर्य हलला, हे तुम्हाला कसं कळते? नेमकं हेच विचारायचं असतं. पुष्कळ जणांना हा प्रश्न पाच वर्षं सुचत नाही.

त्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे आमचे दोन दिवे. ह्या दिव्यांत थोरियम नावाचा धातू आणि थोडासा वायू असतो. दिवा लावला की त्याच्या स्वतःच्या रेषा उमटतात, आणि त्या रेषा कुठे असाव्यात ते पक्कं ठाऊक असतं. सूर्याच्या रेषांशेजारी ही पट्टी ठेवून मोजायचं. पण दिवा जळतो तसा आतला वायू कमी होतो आणि दिव्याच्या रेषाही हळूच जागा सोडतात. म्हणून एक दिवा रोजच्या कामाचा, त्याचं नाव धाकटी. दुसरा आठवड्यातून एकदा, पाव तास लावायचा, फक्त धाकटी खोटं बोलत नाही ना ते बघायला. ती थोरली. तिला आम्ही घरातल्या सासूसारखं ठेवलं होतं. कामाला लावायचं नाही, पण शेवटचा शब्द तिचा. तसे दिवे बनायचे बंद झाले होते, त्यामुळे थोरली गेली तर दुसरी कुठून आणणार, हा प्रश्न आम्ही मोठ्याने विचारतसुद्धा नव्हतो.

आणि ह्या सगळ्यावर आमचे प्रमुख, आगाशे सर. सर पुण्याला बसत. नागपूरला ते डिसेंबरात येत, आमची हजेरी घेत, आणि जाताना संत्र्यांची पेटी नेत. उन्हाळ्यात त्यांना पुण्यात फार काम असे. माणूस हुशार, त्यात वाद नाही. पण आपण हुशार आहोत हे त्यांना आमच्याआधी कळलं होतं. सूर्याचे डाग, खदखद, सगळं हिशेबातून काढून टाकल्यावरही सूर्याच्या वेगात वर्षानुवर्षं एक बारीकसा चढ उरतो, असा शोधनिबंध त्यांनी आमच्या मोजमापांवरून लिहिला. तो खूप गाजला. परदेशातले लोक त्याला 'आगाशे चढ' म्हणायला लागले. सर स्वतः भाषणात "ज्याला लोक आगाशे चढ म्हणतात" असं म्हणत, आणि म्हणताना खाली बघत. नयनाचा प्रबंध ह्या चढावरच होता. चढ का येतो, हे तिनं शोधायचं.

आता मूळ गोष्टीकडे येते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्या ह्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन धंतोलीत ठरलं. मी रजा टाकली. थोरलीचा पाव तास त्याच दिवशी सकाळी होता. गजूभाऊंनी दिवा लावला, पण दिवा बंद करणारं घड्याळ अडकलं आणि पाव तास होऊन गेला तरी थोरली चालूच. आता बटण दाबून ती बंद करता आली असती, पण थोरलीला माझ्या किंवा सरांच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही असा नियम होता. तो नियम मीच केला होता, आणि गजूभाऊंनी आयुष्यात पाळलेला तो एकमेव नियम असावा. माझा फोन दवाखान्यात बंद. म्हणून त्यांनी पुण्याला लावला. सर गाडीत होते, आवाज तुटत होता. हे संभाषण मी नंतर दोघांकडून वेगवेगळं ऐकलं आणि दोघांचंही शब्दाला शब्द सारखं होतं, हे विशेष.

"सर, थोरली जळून राहिली."

"काय सांगता? नक्की?"

"हव सर. आत्ताच काचेतून पाहून आलो. सकाळपासून जळून राहिली. काय करू?"

सर म्हणाले, "आता काय करणार, ढोबळे. राहू द्या. कोणी हात लावू नका."

पुण्याच्या माणसाला हे सांगायला हवं, की नागपुरात 'मी जेवून राहिलो' म्हणजे माझं जेवण चालू आहे. माझं जेवण झालंय आणि मी पडून आहे, असा अर्थ होत नाही. थोरली जळून राहिली, म्हणजे ती चालू आहे. सरांनी तुटक्या आवाजात ऐकलं 'जळून', आणि समजले की थोरली जळाली, संपली. मेलेल्या दिव्याला हात लावू नका, मॅडम आल्या की बघतील, असं त्यांना म्हणायचं होतं. गजूभाऊंना कळलं ते असं, की साहेबांनी दिवा तसाच चालू ठेवायला सांगितला. साहेबांचं काहीतरी डोकं असेल. दुसऱ्या दिवशी पोळा, त्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक आणि पोरांच्या लाकडी बैलांचा तान्हा पोळा, पुढे शनिवार-रविवार. कुलूप लावून सगळे घरी गेले. गजूभाऊ तर मारबतीच्या मिरवणुकीत पहिल्या रांगेत.

सोमवारी मी कामावर आले. दवाखान्यात बघायचे राहिलेले निरोप रिक्षात उघडले, तर सरांचं सगळ्यांना पत्र. आपली थोरली आपल्यातून गेली, इतकी वर्षं तिनं केलेल्या सेवेबद्दल वगैरे. परदेशातून दोन सांत्वनंही आली होती. मी रिक्षातच रडायला लागले, रिक्षावाला घाबरला. तळघरात उतरले, काचेतून पाहिलं, तर आमची दिवंगत थोरली जांभळ्या रंगात मस्त झगमगत होती.

मला आधी हसूच आलं. मग आकडेमोड केली. पाव-पाव तासाच्या हिशेबाने जी अजून कितीतरी वर्षं पुरली असती, तिला आम्ही सणावाराच्या सुट्टीत रात्रंदिवस जाळलं होतं. मी बंद करून घेतली. गजूभाऊ डब्याची पिशवी हातात घेऊन आले आणि माझा चेहरा पाहून म्हणाले, "मॅडम, सर म्हनले राहू द्या, तं मी राहू देलं." त्यांना मी काय बोलले ते इथे लिहिता येण्यासारखं नाही. सरांना फोन करून जे बोलले ते त्याहून सभ्य होतं, पण फार नाही. सर म्हणाले, की ढोबळ्यांनी शुद्ध मराठीत सांगितलं असतं तर हे घडलं नसतं. गजूभाऊ म्हणाले, की सरांनी एवढी वर्षं इथली संत्री खाल्ली, त्यांना इथलं बोलणं काहून समजू नये? माझ्या मते दोघंही बरोबर होते, आणि त्याचा काहीही उपयोग नव्हता.

कारण खरं नुकसान झालं होतं नयनाचं. थोरलीच्या रेषा आता पूर्वीच्या जागी नव्हत्या. म्हणजे पोळ्याआधीची मोजमापं एका पट्टीने, पोळ्यानंतरची दुसऱ्या पट्टीने, आणि धाकटी स्वतःच सरकणारी, म्हणून दोन्ही पट्ट्या जोडणारं काही हातात नाही. सूर्याचा वेग सावकाश चढतो का, हे बघायला सलग वर्षं लागतात. मधेच तोडलेली मालिका म्हणजे तुटलेली शिडी. त्यात तिला बाहेरदेशी एका मोठ्या दुर्बिणीवर जागा मिळाली होती. अट एकच, जूनअखेर प्रबंध सादर झालेला पाहिजे. सरांनी तिला कळवलं, की पोळ्यानंतरचं सगळं सोडून द्या आणि विषय आटोपता घ्या, प्रबंध लहान झाला तरी चालेल. नयना मला म्हणाली, "मॅडम, मी अर्धवट गोष्ट लिहिणार नाही." मला तिचा अभिमान वाटला आणि रागही आला, कारण माझ्याकडे तिला द्यायला दुसरी थोरली नव्हती.

थोरली तिला कचऱ्यात सापडली. सूर्याच्या रंगपट्ट्यात काही रेषा सूर्याच्या नसतातच. प्रकाश आपल्या हवेतून येतो तेव्हा हवेतला ऑक्सिजन आपल्या रेषा त्यात घुसवतो. आमच्या धंद्यात त्या रेषा म्हणजे घाण. आम्ही त्या पहिल्याच पायरीला पुसून टाकायचो. नयना म्हणाली, की पुसायच्या आधीची मोजमापं पडून आहेत ना? आणि ऑक्सिजन काही म्हातारा होत नाही. पोळ्याआधीही तोच, पोळ्यानंतरही तोच. मग नागपूरची हवाच पट्टी म्हणून वापरू.

मी म्हटलं, बाई, हवा एका जागी थांबते का? एप्रिलमध्ये पश्चिमेकडून ती तापलेली लू सुटली की गच्चीवर पत्रे उडतात. हवा हलली की तिच्या रेषाही हलणार, आणि आपल्याला मोजायचंय ते त्याहून बारीक. ती उठून गेली. दोन आठवड्यांनी आली ती हसतच. तिनं जुन्या उन्हाळ्यांची सकाळ आणि दुपार वेगळी काढली होती. सकाळी सूर्य पूर्वेला, म्हणजे आपलं तोंड पूर्वेकडे आणि लू पाठीमागून येऊन सूर्याकडे चाललेली. हवेच्या रेषा तांबड्या बाजूला. दुपारनंतर सूर्य पश्चिमेला आणि लू सरळ तोंडावर. त्याच रेषा तेवढ्याच निळ्या बाजूला. "मॅडम, सकाळी हवा जाऊन राहिली, दुपारी येऊन राहिली. दोन्ही मिळवून निम्मं केलं की वारा कटला." मी ते आकडे तीनदा तपासले. खरंच कटत होता. जी लू नागपूरकरांनी जन्मभर शिव्या घालत सोसली, तिचा हिशेब लागत होता. मी त्या दिवशी तिला धरमपेठेत नेऊन आईस्क्रीम खाऊ घातलं आणि स्वतः दोन खाल्ली.

आता तिला सगळी वर्षं सलग तपासता आली. पोळ्याला थोरलीने मारलेली उडी स्पष्ट दिसली. ती काढून टाकली की मालिका जुळली. इथे थांबली असती तर सगळे सुखी झाले असते. पण ती पोळ्याच्याही मागे गेली, पार पहिल्या वर्षापर्यंत, आणि तिला दिसलं की थोरली पहिल्यापासूनच सरकत होती. अगदी सावकाश, दर वर्षी थोडी. धाकटीला आम्ही थोरलीकडे बघून सुधारत होतो, म्हणजे थोरलीचं खोटं आम्ही दर आठवड्याला सूर्याच्या अंगाला लावत होतो. ते काढल्यावर सूर्याच्या वेगात उरला फक्त डागांचा आणि खदखदीचा भाग. त्यापलीकडे काहीच नाही. आगाशे चढ म्हणून काही नव्हतंच. तो थोरलीचा चढ होता.

नयनाने मला हे सांगितलं तेव्हा एप्रिल संपत आला होता. आम्ही दोघी कूलरसमोर बसून होतो आणि कोणी कूलरचा आवाज कमी करायलाही उठलं नाही. प्रबंधावर मार्गदर्शकाची सही लागते. मार्गदर्शक आगाशे सर. म्हणजे ज्या माणसाचं नाव त्या चढाला लागलं, त्यानेच चढ नाही असं म्हणणाऱ्या प्रबंधावर सही करायची, आणि ती जूनच्या आत. नयना म्हणाली, "सर सही करतील का?" मी म्हटलं, बघू. गजूभाऊंनी दारातून ऐकलं आणि म्हणाले, की चढाचं नाव ढोबळे चढ असतं तर त्यांनी स्वतः सही नसती केली.

मग आम्ही जे करायचं ते केलं. प्रबंध लिहून झाल्यावर शेवटच्या प्रकरणाला तिघांनी मिळून तेल लावलं. जिथे नयनाने 'नाही' लिहिलं होतं तिथे 'आढळत नसावा' केलं. एका वाक्यावर तर दुपारभर बसलो. सर रागावले तर पोरीची जागा जाईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. प्रबंध पुण्याला पाठवला.

उत्तर आलं नाही. आले ते सर स्वतः, ऐन मे महिन्यात. आजवर मे महिन्यात नागपूरला न आलेला माणूस सकाळी साडेसातला गेटवर उभा होता. गजूभाऊंनी त्यांच्या शर्टाच्या खिशात कांदा घातला, ऊन लागू नये म्हणून. सरांनी कांद्याकडे पाहिलं, पण काढला नाही. त्यांनी नयनाला सांगितलं, की सकाळच्या रेषा दाखव. मग दुपारपर्यंत बसून राहिले, आणि दुपारच्या दाखव म्हणाले. अधूनमधून गच्चीवर जाऊन लूमध्ये उभे राहिले, एकदा पूर्वेकडे तोंड करून, एकदा पश्चिमेकडे. चेहरा लालभडक. मी मठ्ठा दिला, तो प्याले. दिवसभरात कामाशिवाय एक शब्द बोलले नाहीत. संध्याकाळी प्रबंध बगलेत मारून अतिथिगृहावर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं टेबलाशी बसलो होतो. सर आले, प्रबंध नयनासमोर ठेवला आणि म्हणाले, की मी ह्यावर सही करणार नाही.

माझं डोकं फिरलं. एवढ्या वर्षांचं साठलेलं सगळं मी त्या टेबलावर ओतलं. चढ तुमची वडिलोपार्जित जमीन नाही म्हटलं, पोरीने उन्हात हाडं वाळवली म्हटलं, संत्र्यांच्या पेट्यांचाही उल्लेख केला. सरांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग त्यांनी प्रबंध उघडला, शेवटच्या प्रकरणातल्या एका वाक्यावर बोट ठेवलं आणि ते इंग्रजी वाक्य आम्हाला मराठीत वाचून दाखवलं.

"'पूर्वी नोंदवलेल्या चढाबाबत पुनर्विचाराला वाव असू शकतो.' मेश्राम, हे काय आहे?"

तेच ते वाक्य, आम्ही दुपारभर बसून मऊ केलेलं. गजूभाऊ पंख्याकडे बघायला लागले.

"चढ आहे का?" सरांनी विचारलं.

"नाही सर."

"मग पुनर्विचार कोणी करायचा? चूक कोणाची आहे?"

नयनाने माझ्याकडे पाहिलं. सर थांबून राहिले. शेवटी ती अगदी हळू म्हणाली, "तुमची, सर."

"मग तसं लिहा. माझं नाव घालून लिहा. तुम्ही ह्या चढापायी पाच वर्षं घातलीत. असं गुळमुळीत लिहिलंत तर उद्या आणखी कोणीतरी घालेल."

ह्या माणसाच्या बाबतीत मी इतकी वर्षं स्वतःला फार हुशार समजत होते, आणि त्या क्षणी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही, कारण आमच्यात तसं नातं नव्हतं.

नयना संगणकाशी जाऊन बसली. एक वाक्य लिहायला तिला किती वेळ लागला म्हणून सांगू. मधेच डोळे पुसत होती. सर खिडकीशी पाठ करून उभे होते आणि घामाने त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. कागद छापून झाला. तिनं तो त्यांच्या हातात दिला. सरांनी वाचला, आणि मीही मागून वाचला. आगाशे यांनी नोंदवलेला चढ सूर्यात नाही, तो संदर्भदिव्याच्या सरकण्यामुळे आला, आगाशे यांचा निष्कर्ष बहुधा चुकीचा आहे.

सरांनी पेन काढलं, 'बहुधा' खोडला, आणि प्रबंध पुढे ओढून सही केली.